उणे पाण्याची वाट

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे साडेसहा. चपला हातात घेऊन तुम्ही पळसदेवच्या काठावर गाळातून चालताय आणि पाणी अजून लांबच आहे. भाद्रपदात जिथे लाटा थडकतात तिथे आता मातीला हातभर खोल भेगा पडल्यात. बाजूला कुणाची तरी गाळपेर उभी आहे, हिरवागार चाऱ्याचा मका. पुढे मुलगी आणि भाचा धावतायत, मागून नाना आणि काकू येतायत. नाना म्हणजे तुमचे थोरले चुलते. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता : ‘‘उजनी उण्यात गेलीय. देवळाचं शिखर उघडं पडलंय. यायचं असेल तर ह्या शनिवारी ये, पोरांना घेऊन.’’

उण्यात जाणं म्हणजे काय, हे इंदापुरात लहान पोरालाही कळतं. धरणाच्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे रिकामं धरण नव्हे. शून्याच्या खाली सुमारे 63 टीएमसी मृतसाठा असतो आणि काठोकाठ भरलेल्या उजनीतल्या साधारण 117 टीएमसीपैकी निम्म्याहून जास्त पाणी हेच. उन्हाळ्यात कालवे, उपसा आणि ऊन मिळून पाणी शून्याखाली जातं. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, तेव्हा पळसनाथाचं देऊळ बघायला लोकांची रीघ लागली होती. पाणी जितकं उणं तितका मागचा काळ वर येतो. आज तुम्ही त्या काळाच्या वाटेवर आहात, फक्त अजून तुम्हाला ते ठाऊक नाही.

होडी फायबरची, मागे लहान इंजिन. होडीवाले दादा भोई समाजातले, वयाने पन्नाशीचे. ते आधी लाइफ जॅकेट काढतात. काकू म्हणतात, ‘‘मला नको, गुदमरायला होतं.’’ दादा होडीची दोरी सोडायलाच तयार नाहीत. ‘‘मावशी, घातल्याबिगर होडी हलणार नाही.’’ त्यांचा आवाज शांत आहे, पण त्यात तडजोड नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जण गेले. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने जायचं तर अख्ख्या जलाशयाला वळसा. म्हणून इथली माणसं होडीने जातात. धरण झाल्यापासून जातायत. ती संध्याकाळ या काठावर कुणी विसरलेलं नाही. दादा मधूनमधून पश्चिमेच्या आभाळाकडे बघतात ते उगाच नाही. काकू जॅकेट घालतात.

पाणी तांबूस, संथ. उघड्या पडलेल्या बेटांवर नदीसुरयांची गडबड चाललीय, लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची एक रांग अजून रेंगाळलीय. भाचा मोबाइल झूम करून हैराण होतो. आणि मग, शिखर नजरेच्या टप्प्यात आलेलं असताना, इंजिन घरघरतं, दणका बसतो, आवाज एकदम उंच होतो आणि होडी पुढे सरकायची थांबते.

दादा इंजिन बंद करतात, मागचा भाग उचलून पाण्याबाहेर काढतात. पंख्याला तंगुसाचं जुनं जाळं गुंडाळलंय, पार आवळून. ते चाकूने एकेक फेरा कापायला लागतात. जाळं सुटतं, पण पंखा हाताने फिरवला तर नुसताच गरगर फिरतो. ‘‘पिन गेली,’’ ते म्हणतात. पंख्याला दांड्याशी जोडणारी एवढीशी पिन. कशात अडकलं तर इंजिनाऐवजी ती तुटावी म्हणूनच बसवलेली. खिशात दुसरी नाही. वल्हं एकच, आणि वारा उठलाय. होडी आडवी होते आणि हळूहळू शिखराच्या उजव्या अंगाला वाहत जाते.

मुलगी तुमचा हात धरते. तुम्ही तिला जवळ घेता. नाना मात्र दोन्ही हातांनी काठ धरून पाण्यात बघतायत.

‘‘इथं आपला वाडा होता,’’ ते म्हणतात. ‘‘बरोबर इथं.’’

तुम्हीही वाकून बघता. गढूळ पाण्यात काही दिसत नाही. तरी बघत राहा. पाणी पातळ होतंय, उजेड खाली उतरतोय, आणि तुमचे पाय जमिनीला लागतायत.

साल 1975. पायांखाली गल्लीतली धूळ आहे. चुलींचा धूर, गोठ्यातला वास, कुठेतरी मोटेच्या चाकाची कुरकुर. समोर पळसनाथाचं देऊळ पूर्ण उंचीनं उभं आहे : खाली काळ्या दगडाचं काम, वर विटांचं शिखर. तुम्ही आजवर त्याचा फक्त पाण्याबाहेर आलेला माथा पाहिलात. आता पायऱ्या, खांब, आवार सगळं समोर आहे आणि त्यावर माणसं वावरतायत. ओट्यावर म्हातारे बसलेत. बोलणं एकाच गोष्टीचं. खाली माढा तालुक्यात उजनीला धरणाचं काम चाललंय, भिंत वर येतेय. घरांची, शेतांची मोजणी झालीय. कुणी म्हणतं पाणी इथवर येणारच नाही. कुणी म्हणतं, येऊ दे बाबा, बहात्तरला पाहिलं की बिनपाण्याचं कसं असतं. तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात याच माणसांनी रोजगार हमीवर खडी फोडली आणि सुकडी खाल्ली. त्यांना धरणाचा राग नाही, त्याची गरज कळते. आपलंच गाव का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. तो मला आजही रास्त वाटतो, कारण त्याचं उत्तर त्यांना कुणी बसून दिलं नाही.

दहा वर्षांचा एक पोरगा तुमच्याजवळ येतो. चड्डीचा खिसा जड आहे. चेहरा तुम्ही ओळखता : हे नाना. ते तुम्हाला ओळखत नाहीत, पण पाहुण्याला नदी दाखवायची हौस त्यांना आहे. भीमेच्या उंच दरडीवर बसून ते खिसा रिकामा करतात. गारा. पांढुरक्या, मधाच्या रंगाच्या, एक लालसर. ‘‘ह्या इथंच घावत्यात, पाऊस झाला की. ह्याच्यानं बोट कापतं.’’ एक तुकडा ते तुमच्या तळव्यावर ठेवतात. लांबट, पातळ, दोन्ही कडा सरळ. तुम्ही काही विचारायच्या आत ते बाकीच्या गारा एकेक करून नदीत भिरकावतात आणि किती उड्या पडतात ते मोजतात.

त्यांना सांगावंसं वाटतं : पाच वर्षांनी, 1980 ला, धरण पूर्ण होईल. दारं, तुळया, चौकटी काढून बैलगाडीतून वर न्याल. नवं पळसदेव वसेल, देवही तिकडे जातील. ही दरड, ही गल्ली पाण्याखाली जाईल. सांगून उपयोग नाही. पोरगा पुढची गार हातात तोलतोय.

‘‘झालं,’’ दादांचा आवाज येतो.

तुम्ही होडीत आहात. दादांनी फळीतला एक खिळा उपटून, दगडावर ठेचून, पिनेच्या भोकात बसवलाय आणि दोन्ही टोकं वाकवलीयत. ‘‘सावकाश गेलो तर काठापत्तोर निभतंय. देवळाकडं आज नको.’’ नाना लगेच मान हलवतात. शिखर शंभरेक हातांवर आहे, तरी परत फिरायला त्यांना क्षणही लागत नाही. पश्चिमेला ढग चढायला लागलेत. वळिवाचा पहिला झोत पाण्यावर येईतो होडी काठाला लागलीय, आणि काकू दादांना घरचे लाडू बांधून देतायत.

दुपार भिगवणला जाते. तळलेली चिलापी, वाम मासा, बाजरीची भाकरी. त्याबद्दल लिहायला बसलो तर जागा संपेल.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तुम्ही पुन्हा काठावर येता. जलाशय दर वर्षी भरतो आणि ओसरतो. लाटा काठ खरवडतात, बारीक माती वाहून जाते आणि जड वस्तू तिथेच उघड्या पडतात. खापरं, हाडं, दगड. पोरांना वाटतंय, संग्रहालयातल्या फोटोसारखं त्रिकोणी, देठ असलेलं बाणाचं टोक सापडेल. तुम्हीही तेच शोधताय. पण भीमेच्या खोऱ्यात बाणाचं टोक बहुधा तसं नसतं. इथला बाण तुकड्यांचा असे : नखाएवढी चंद्रकोर, छोटा त्रिकोण, सरळ कडेचं पातं. बोरूच्या किंवा लाकडाच्या दांड्याला खाच पाडायची, राळ तापवून ओतायची आणि त्यात ही पाती बसवायची. एक टोकाला, दोन-तीन बाजूला काट्यांसारखी. लाकूड कुजून गेलं, राळ गेली. राहिले ते दगड. पुरातत्त्वाच्या भाषेत सूक्ष्मास्त्रे.

मुलीला पहिलं सापडतं. करंगळीच्या पेरापेक्षा थोडं मोठं, मेणचट पांढरं, उजेडासमोर धरलं तर कडा जवळजवळ पारदर्शक. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये पोकळ्या असतात, त्यांत चालसेडनी नावाचा हा दगड साठतो. बेसॉल्ट झिजला की या गारा नदीत येतात. म्हणजे नुसती गार सापडली तर त्यात माणसाचा हात असेलच असं नाही. तुकडा पालथा करा. एका टोकाला लहानसा फुगवटा आहे आणि त्यापासून लहरी पसरल्यात, जाड काच फोडल्यावर उमटतात तशा. तिथे आघात झाला. पाठीवर दोन समांतर धारा आहेत. याच गाभ्यावरून आधी निघालेल्या पात्यांचे ते ठसे. एकाच दिशेने, एकाच मापाचे. नदी असं करत नाही.

भाचा ते खिशात टाकायला निघतो. थांबवा त्याला.

हीच ती गोष्ट, जिच्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं. हा दगड सुटा झाला की त्याची किंमत शून्य. बाजारात नाही, कपाटात नाही, ज्ञानातही नाही. तो कुठे पडला होता, शेजारी काय होतं, किती तुकडे होते, खापर होतं का, काळी माती होती की पांढरी, यातच सगळं आहे. पर्यटक, हौशी, मुलं, सगळे प्रेमाने उचलतात आणि घरच्या काचेच्या भांड्यात ठेवतात, आणि एक गाव कायमचं मुकं होतं. उजनीच्या काठावर तर हे दर उन्हाळ्यात होतं, कारण इथे जमीन स्वतःच उकरली जाते आणि पावसात पुन्हा बुडते. याने माझा जीव तुटतो.

म्हणून मुलगी तुकडा जिथल्या तिथे ठेवते. शेजारी दहा रुपयांचं नाणं, मापासाठी. फोटो. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. मग हातभर अंतरावर दुसरा तुकडा, आणि त्याच्या पलीकडे तिसरा. चौथं मात्र खापर आहे, लाल, त्यावर काळी रेघ.

रविवारी तुम्ही बारामती ओलांडून सोनगावला येता. इथे कऱ्हा नीरेला मिळते. सोनेश्वराचं देऊळ, पलीकडे नदीचं पात्र, अलीकडे उसाची शेतं. याच गावात 1965 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं आणि 1969 ला त्याचा अहवाल छापला. बारामती म्हटलं की सहकार, साखर आणि राजकारण आठवतं. या तालुक्यात तीन हजार वर्षांहून जुनं शेतकऱ्यांचं गाव आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. नाना पायाने माती उकरून बघतात : पांढर. जुन्या वस्तीच्या राखेने, शेणामातीने फिकट झालेली माती. शेतकऱ्याला ती न शिकता ओळखता येते.

तिच्यावर उभे राहा. उसाचा आवाज बंद होतोय.

इसवी सनापूर्वी 1200 च्या आसपास. दोन नद्यांच्या मध्ये कुडाच्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरं. जमीन चोपून सारवलेली, आत चूल. बाहेर गुरं. ही जोर्वे संस्कृतीची माणसं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी त्यांची खापरं आधी ओळखली गेली म्हणून ते नाव, त्यांचं स्वतःचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. सातू पेरतात, कडधान्यं घेतात, गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळतात. तांबं आहे, पण महाग; रोजचं काम दगडाच्या पात्यावर चालतं.

घरासमोर एक बाई मांडी घालून बसलीय. हातात चालसेडनीचा गाभा, आधी आचेवर तापवून घेतलेला. त्याने दगड सहज फुटतो. एका कडेला तिने नागमोडी कणा काढलाय. त्या कण्यावर टोच्याने मोजून दाब देते आणि पहिलं पातं सुटतं, कण्यासकट. मग त्याच्या शेजारी दुसरं, तिसरं. पाती तिच्या मांडीवरच्या कातड्यावर पडतात. बिघडलेली ती बाजूला सारते. ती बाजूला सारलेली पाहून ठेवा. तीन हजार वर्षांनी बहुतेक तीच सापडतात. मग एक चांगलं पातं घेऊन ती त्याची एक कड बारीक ठोकून बोथट करते, म्हणजे राळेत बसताना दांडा चिरणार नाही. चंद्रकोर तयार. शेजारी तिचा मुलगा दांडा सरळ करतोय, एक डोळा मिटून.

घराच्या आत बघायचं असेल तर बघा, पण आवाज करू नका. जमिनीचा एक कोपरा ताजा लिंपलेला आहे. लहान मूल गेलं की ही माणसं दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यात त्याला ठेवून, घरातच जमिनीखाली पुरतात. चुलीजवळ, रोजच्या वावरात. नेवाशापासून इनामगावापर्यंत अशी मडकी निघालीत. ती बाई पाती काढताना एकदाही आत बघत नाही, हे तुमच्या लक्षात येतं.

मुलगा नदीकडे निघतो. तुम्ही मागोमाग. याच संस्कृतीच्या इनामगावात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, एका दफनातल्या भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली सापडली. 1968 ते 1983 या काळात तिथे डेक्कन कॉलेजने खोदलं, एकशे तीसवर घरं उजेडात आणली, आणि पाचखणी घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला एक माणूसही. म्हणजे हे लोक होडीने नद्या ओलांडत, आणि मेल्यानंतरही होडी लागेल असं त्यांना वाटत असावं. त्यांच्या वल्ह्याचं काय होई, मधल्या धारेत दोरी तुटली तर हा मुलगा काय करी? तो पोहत जाई, बहुतेक. पाण्याने गमावलेली माणसं त्यांच्यातही असणार.

पण त्यांचा मोठा धोका पाणी नव्हतं, पाण्याचं नसणं होतं. इसवी सनापूर्वी 1000 नंतर पाऊस कमी होत गेला, असं इनामगावचा अभ्यास केलेल्या म. के. ढवळीकरांचं मत. चौकोनी मोठी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या. शेती हात देईना, तशी शिकार आणि मेंढरं वाढली. इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास इनामगाव ओस पडलं. त्या मुलाच्या नातवंडांच्या नातवंडांच्या हातात बाण जास्त आणि नांगर कमी असेल. काळवीट दिसतं. मुलगा वाकतो, दोरी कानापर्यंत ओढतो.

नेम लागला की नाही, ते तुम्हाला कळत नाही. काकू हाक मारतायत, ऊन वाढायच्या आत निघायचंय.

परतीची वाट मोरगाववरून. दर्शन घेऊन तुम्ही कऱ्हेच्या पात्राकडे जाता. इथे आणखी एक उडी आहे, पण ती मी तुम्हाला काठावर उभं करूनच दाखवतो. तिथे उतरलात तर बोलायला माणूसच मिळणार नाही, निदान आपल्यासारखा. कऱ्हेच्या थरांत बेसॉल्टच्या हातकुऱ्हाडी आणि फरशी-कुऱ्हाडी सापडल्यात, आणि सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राखही. राख कोणत्या स्फोटाची, यावर संशोधकांत वाद आहे. मातीच्या चुंबकीय दिशेवरून हत्यारांचा काळ पावणेआठ लाख वर्षांहून मागे जातो, असं काहींनी मांडलंय. सोनगावची ती बाई त्या हातकुऱ्हाडवाल्यांपासून जितकी लांब, त्यापुढे आपलं आणि तिचं अंतर काहीच नाही.

गाडीत मुलगी वहीत नोंद लिहायला घेते. फोटोंसह ती येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवायची, असं ठरलंय. भीमा, उजवा काठ, पळसदेव. चालसेडनीची पाती तीन. लाल खापर एक, काळी रेघ. पातळी उणी असताना.

‘‘आणि जागेचं नाव?’’ ती विचारते. मोबाइलच्या नकाशात तिथे नुसतं निळं पाणी आहे.

‘‘लिही,’’ नाना पुढच्या सीटवरून मागे वळतात. ‘‘दरडीखालची पट्टी. तिच्या वर थोरला मळा. मळ्याच्या उगवतीला गावंदरी, मावळतीला पाणंद. पाणंदीनं खाली आलं की पांढरीचं टेकाड, तिथं आम्ही गारा वेचायचो.’’

‘‘थांबा, थांबा. पाणंद की पाणद?’’

‘‘पाणंद. आणि पुढं अजून आहे, पान उलट.’’